झुलत्या पुलाचा गाळा आणि वैनगंगेचा काठ

ज्या पुलाचा रस्ता खालून पेललेला नसून वरून टांगलेला असतो, त्याला झुलता पूल म्हणतात. दोन उंच मनोऱ्यांच्या माथ्यांवरून पोलादी तारांच्या जुड्यांची जाड मुख्य केबल झोळ घेत जाते, दोन्ही काठांवर ती काँक्रीटच्या अवाढव्य ठोकळ्यांत, म्हणजे नांगरांत, जखडलेली असते, आणि तिच्यापासून ठरावीक अंतरावर लोंबणाऱ्या उभ्या टांगण्या रस्त्याचा भार पेलतात. वाहनाचे वजन टांगणीतून केबलमध्ये जाते आणि तेथून दाबाच्या रूपाने मनोऱ्यात व ओढीच्या रूपाने नांगरात उतरते. दाबाखाली लांब पोलादी सळई वाकून निकामी होऊ शकते, ताणाखाली मात्र तिचे सगळे बळ कामी येते. म्हणूनच दोन आधारांमधील मोकळे अंतर, ज्याला पूलशास्त्रात गाळा म्हणतात, ते झुलत्या पुलात इतर कोणत्याही प्रकारापेक्षा लांब ठेवता येते. जपानमधील कोबे शहर आणि आवाजी बेट यांना जोडणाऱ्या, १९९८ मध्ये खुल्या झालेल्या आकाशी काइक्यो पुलाचा मध्यगाळा १,९९१ मीटरचा आहे, तर तुर्कस्तानात दार्दानेल्सच्या सामुद्रधुनीवर मार्च २०२२ मध्ये खुल्या झालेल्या चानाक्काले पुलाचा मध्यगाळा २,०२३ मीटरचा आहे.

महाराष्ट्रात समुद्राने विलग झालेल्या दोन शहरांना जोडणारा सर्वांत मोठा पूल म्हणजे मुंबईतील शिवडी आणि नवी मुंबईच्या बाजूचे न्हावा-शेवा यांमधील अटल सेतू होय. १९६० च्या दशकापासून कागदावर राहिलेली ही कल्पना १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटनापर्यंत पोहोचली. सेतूची लांबी सुमारे २१.८ किलोमीटर असून त्यापैकी सुमारे १६.५ किलोमीटर भाग समुद्रावर आहे. मात्र हा झुलता पूल नाही. तो शेकडो खांबांवर उभा असलेला तुळयांचा पूल आहे आणि त्याचा सर्वांत लांब गाळा १८० मीटरचा आहे. २००९ मध्ये खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतूही, छायाचित्रांत तसा भासला तरी, झुलता नव्हे. त्याच्या १२८ मीटर उंच मनोऱ्यापासून निघणाऱ्या तिरप्या केबल थेट रस्त्याला धरतात, त्यामुळे त्याला काठावरच्या नांगरांची गरज पडत नाही, आणि अशा पुलाला केबलधारित पूल म्हणतात.

महाराष्ट्राने समुद्रावर एकही लांब गाळ्याचा झुलता पूल का बांधला नाही, आणि बांधायला हवा होता का, हा प्रश्न समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या गोंदिया जिल्ह्यात चर्चिला जाणे अनेकांना अप्रस्तुत वाटेल. तसे ते नाही. वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी आणि पांगोली या नद्यांनी विणलेल्या या धानाच्या मुलखात पुलाचा प्रश्न दर पावसाळ्यात दारी येतो, आणि मुंबईच्या सेतूमागे असलेले राज्यशासन तेच आहे, ज्याच्याकडे येथील गावे रपट्याच्या जागी पूल मागतात. पुढील संवादातील एक वक्ते पूलबांधणीत उमेदीची वर्षे घालवून गोंदियात परतलेले अभियंता आहेत, तर दुसरे आमगाव तालुक्यात भूगोल शिकवून निवृत्त झालेले गुरुजी आहेत. हे दोघे विशिष्ट व्यक्ती नसून दोन भूमिकांचे प्रतिनिधी आहेत, आणि या दोन्ही भूमिका जिल्ह्यात खरोखरच ऐकू येतात.

अभियंता : गुरुजी, लांब गाळ्याचा झुलता पूल हा एखाद्या देशाच्या अभियांत्रिकीचा कस असतो. तारा ओढणारे कारखाने, वाऱ्याच्या बोगद्यांतील चाचण्या, खोल पाण्यातील पायाचे कसब आणि दशकानुदशके देखभाल करणारी यंत्रणा या चारही गोष्टी एकत्र आल्याशिवाय तो उभा राहत नाही. मुंबई आणि नवी मुंबई यांच्यासारखी दोन शहरे समोरासमोर असताना तेथे केवळ तुळयांचा पूल बांधणे म्हणजे कसब कमावण्याची संधी सोडून देणे होय.

गुरुजी : भाऊ, संधी कोणाची? अटल सेतूवर सुमारे १७,८४० कोटी रुपये खर्च झाले, आणि त्यावरून दुचाकी व ऑटोरिक्षा यांना जाण्याची परवानगी नाही. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत एका गावच्या बाया दुसऱ्या गावच्या बांधीवर रोजाने जातात, आणि नेमक्या त्याच दिवसांत मधला रपटा पाण्याखाली असतो. रपटा म्हणजे नदीच्या तळाला जवळजवळ टेकलेला, पाणी वरून वाहून जावे अशाच हेतूने बांधलेला बुटका पूल. त्याच्या दोन्ही कडांना चुना लावलेले हातभर उंचीचे खांब असतात, आणि गढूळ पाणी चढले की रस्ता कोठे संपतो आणि नदी कोठे सुरू होते हे सांगणारी तेवढीच एक खूण उरते. ते खांबही वाहून गेले असतील तर ट्रॅक्टरचालक अंदाजाने चाक घालतो. कसब कमावायचे तर येथे कमवावे.

गुरुजींच्या या बोलण्यात संताप असला तरी तो निराधार नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातील अतिवृष्टी आणि शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून सोडलेले पाणी यांमुळे वैनगंगेला आलेला महापूर गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत पसरला होता. पाऊस एका राज्यात पडतो आणि रस्ता दुसऱ्या राज्यात बुडतो, हे या खोऱ्याचे वास्तव आहे. मात्र मुंबईच्या पुलाचा पैसा वाचला असता तर तो आपोआप गोंदियाच्या रपट्यांकडे वळला असता, हे गृहीतक तपासल्याशिवाय स्वीकारता येत नाही, आणि अभियंत्यांनी नेमके तेथेच बोट ठेवले.

अभियंता : तो पैसा मोठ्या प्रमाणात जपानच्या विकाससंस्थेकडून घेतलेल्या कर्जाचा आहे आणि पथकर देणाऱ्या वाहनांच्या भरवशावर तो उभा केला गेला. बाघ नदीवरच्या गावरस्त्याला असे कर्ज कोणी देणार नाही, कारण तेथे पथकर वसूल होऊ शकत नाही. म्हणून या दोन पुलांची तुलना पैशाने करण्यापेक्षा रचनेने करणे योग्य ठरेल. गाळा किती लांब ठेवावा याचा एक जुना नियम आहे. एका गाळ्याच्या वरच्या बांधकामाचा खर्च आणि एका खांबाचा पायासह होणारा खर्च हे जेव्हा साधारण सारखे होतात, तेव्हा पूल सर्वांत स्वस्त पडतो. पाया स्वस्त असेल तर खांब जवळजवळ घ्यावेत, पाया महाग असेल तर दूरदूर घ्यावेत. आकाशी सामुद्रधुनीत पाण्याची खोली सुमारे ११० मीटरपर्यंत जाते, प्रवाह सेकंदाला चार मीटरहून अधिक वेगाने धावतो आणि जहाजांसाठी दीड किलोमीटर रुंदीचा मार्ग मोकळा ठेवावा लागतो. तेथे मधोमध खांब उभा करण्याचा विचारही शक्य नव्हता.

गुरुजी : आणि शिवडीच्या खाडीत?

अभियंता : तेथे पाणी उथळ आहे, खाली चिखल आणि त्याखाली खडक आहे. भोके पाडून काँक्रीटचे खोल स्तंभ, म्हणजे पाइल, खडकापर्यंत नेता येतात आणि त्यावर खांब उभारता येतात. जहाजांच्या आणि समुद्रतळावरील वाहिन्यांच्या मार्गांवरच लांब गाळ्यांची गरज होती, म्हणून तेवढ्याच ठिकाणी पोलादी डेकचे लांब गाळे वापरले गेले. या डेकमध्ये रस्त्याचा पत्रा आणि त्याखालच्या फासळ्या एकसंध असल्यामुळे वजन कमी राहते.

येथे वाचकाच्या लक्षात येईल की अभियंत्यांनी सांगितलेला नियम त्यांच्याच पहिल्या विधानाच्या विरोधात जातो. खाडी उथळ आणि पाया आवाक्यात असताना दीड-दोन किलोमीटरचा झुलता गाळा घेणे हा कसबाचा नव्हे, तर हौसेचा विषय ठरला असता. शिवडीच्या चिखलपट्ट्यांवर दर वर्षी उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांसाठी पुलाच्या काही भागात ध्वनिरोधक भिंती उभाराव्या लागल्या. खांब कमी असते तर चिखलातील खोदकामही कमी झाले असते, हा एक प्रतिवाद उरतो खरा, परंतु काठावरच्या नांगरांसाठी लागणारे प्रचंड उत्खनन लक्षात घेतले तर त्याचेही वजन घटते. या मुद्द्यावर गुरुजींचा पक्ष सरस ठरतो, आणि तो सरस ठरतो तो अभियंत्यांच्याच हिशोबाने.

तरीही गुरुजींचे कुतूहल शमले नव्हते. गाळा लांबला की नेमके काय महाग होते, असे त्यांनी विचारले, तेव्हा अभियंत्यांनी अंगणात कपडे वाळत घालण्यासाठी बांधलेल्या दोरीचे उदाहरण घेतले. दोरी सैल बांधली तर ती खाली झोळते आणि खुंट्यांवर ओढ कमी येते. तीच ताठ बांधली तर ओल्या लुगड्याच्या वजनाने खुंट्या उपटून येतात. गाळ्यावरचे एकूण वजन शंभर टन असेल आणि मुख्य केबलचा झोळ गाळ्याच्या एकदशांश ठेवला असेल, तर केबलमधील आडवी ओढ सव्वाशे टन होते, आणि झोळ निम्म्यावर आणला तर तीच ओढ अडीचशे टनांवर जाते. झोळ मोठा ठेवावा तर मनोरे उंच करावे लागतात, लहान ठेवावा तर केबल आणि नांगर जड करावे लागतात; या ओढाताणीतून प्रत्येक झुलत्या पुलाचा आकार ठरतो. आकाशीच्या प्रत्येक मुख्य केबलमध्ये सव्वापाच मिलिमीटर जाडीच्या ३६,८३० तारा असून केबलचा व्यास सुमारे १.१२ मीटर आहे, म्हणजे आडवी ठेवली तर ती उभ्या माणसाच्या छातीपर्यंत येईल. त्या पुलाचे मनोरे सुमारे २९८ मीटर उंच आहेत, आणि दोन्ही मनोरे आपापल्या जागी तंतोतंत उभे असूनही पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांचे माथे त्यांच्या पायथ्यांपेक्षा एकमेकांपासून सुमारे नऊ सेंटीमीटर अधिक दूर आहेत. भूगोलाच्या गुरुजींना ही गोष्ट इतकी भावली की पृथ्वी गोल असल्याचा असा पुरावा पाठ्यपुस्तकात असायला हवा, असे ते म्हणाले, आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

अभियंता : लांबीचा दुसरा शत्रू वारा आहे. अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज येथील झुलता पूल जुलै १९४० मध्ये खुला झाला आणि त्याच वर्षीच्या ७ नोव्हेंबरला कोसळला. गाळा ८५३ मीटरचा होता, परंतु रस्त्याला कडक ठेवणारी तुळई जेमतेम अडीच मीटर खोल होती. ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात डेक पिळवटू लागला, आणि त्या पिळवटण्यामुळे वाऱ्याकडून त्याला प्रत्येक हेलकाव्याला अधिक ऊर्जा मिळत गेली. अशा स्वतःच वाढत जाणाऱ्या कंपनाला फडफड म्हणतात. त्यानंतर मोठ्या झुलत्या पुलांची वाऱ्याच्या बोगद्यात चाचणी घेणे रूढ झाले.

गुरुजी : म्हणजे एका पुलाच्या पडण्यातून सगळे जग शिकले. आपल्याकडे पूल पडतो तेव्हा कोण शिकते, हे पुढे विचारायचे आहे. आधी दुसरा प्रश्न. पूल दोन शहरांना जोडतो असे म्हणतात, पण तो दोघांना सारखेच देतो का? पूल झाला की लहान गावातला ग्राहक मोठ्या शहराच्या दुकानात जातो, तरुण नोकरीला जातो, आणि लहान गावाची पेठ ओस पडते. जपानमध्ये याला पेल्यातले पाणी ओढून घेणाऱ्या नळीच्या नावाने ओळखतात. शिकोकू बेटावर पूल पोहोचल्यावर तेथील व्यापार कोबे-ओसाकाकडे ओढला गेल्याची तक्रार झाली.

अभियंता : तक्रार खरी आहे. पण ते पूल का मागितले गेले तेही पाहावे. मे १९५५ मध्ये जपानच्या अंतर्गत समुद्रात शिउन मारू नावाची प्रवासी बोट धुक्यात दुसऱ्या बोटीवर आदळून बुडाली. १६८ जणांचा जीव गेला, आणि त्यांत शालेय सहलीला निघालेली मुले मोठ्या संख्येने होती. त्यानंतर पुलांची मागणी थांबवता येण्यासारखी राहिली नाही.

यावर गुरुजी काही वेळ बोलले नाहीत. ज्याने आयुष्यभर मुलांना शिकवले, आणि ज्याच्या वर्गातील काही मुले डोंग्यात बसून नदीपलीकडून येत असत, त्याच्यासाठी या आकड्याचा अर्थ हिशोबाच्या पलीकडचा होता. पेठेचे नुकसान भरून काढता येते, बुडालेली मुले परत येत नाहीत, हे त्यांनी मान्य केले, आणि पुलाच्या आर्थिक परिणामांची चर्चा पुलाच्या मूळ प्रयोजनाला झाकून टाकू शकत नाही, हेही मान्य केले. त्यांनी सोडले नाही ते एकच, की हे प्रयोजन समुद्राच्या काठी जितके खरे आहे तितकेच रपट्याच्या काठीही आहे.

संवादाला खरे वळण मिळाले ते मोरबीच्या उल्लेखाने. गुजरातमधील मोरबी शहरात मच्छू नदीवरचा संस्थानकालीन पादचारी झुलता पूल दुरुस्तीनंतर नुकताच पुन्हा खुला झाला होता, आणि अवघ्या काही दिवसांत, ३० ऑक्टोबर २०२२ च्या संध्याकाळी, त्याची मुख्य केबल तुटून १३५ जणांचा मृत्यू झाला. त्याच्या केबलमध्ये सात-सात तारांच्या सात जुड्या, अशा एकूण ४९ तारा होत्या. विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालानुसार त्यांपैकी २२ तारा गंजलेल्या होत्या आणि दुर्घटनेपूर्वीच तुटलेल्या असाव्यात. जुन्या टांगण्यांना नव्या टांगण्या वितळजोडाने जोडल्याचेही त्याच अहवालात नोंदलेले आहे. केबलच्या आत काय चालले आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि झुलत्या पुलाची सर्वांत मोठी दुर्बलता तीच आहे. तुळयांच्या पुलाला तडा गेला तर तो बहुधा दिसतो. केबलमधील तारा मात्र रंगाच्या थराखाली एकेक करून तुटत जातात, आणि उरलेल्या तारा आपला व तुटलेल्यांचाही भार निमूटपणे वाहत राहतात.

अभियंता : म्हणूनच गुरुजी, आकाशीच्या बांधकामात सर्वांत आदर वाटावा अशी गोष्ट त्या पुलाची लांबी नव्हे. तेथे मुख्य केबलच्या आत कोरडी हवा सतत फुंकली जाते, जेणेकरून तारांभोवतीचा दमटपणा गंज धरण्याइतका वाढू नये. खाऱ्या हवेतल्या पुलाला अशी हवा अखंड पुरवत राहणे म्हणजे रोजचे, न दिसणारे, उद्घाटनाच्या फितीशी काहीही संबंध नसलेले काम करत राहणे होय.

गुरुजी : भाऊ, ही गोष्ट सुरुवातीलाच सांगितली असती तर वाद निम्मा मिटला असता. तुम्ही कसबाची जी यादी केली, तिच्यात देखभाल चौथ्या क्रमांकावर होती.

अभियंता : ती पहिल्या क्रमांकावर असायला हवी होती.

या कबुलीनंतर दोघांची भूमिका एक झाली असे समजण्याचे कारण नाही. लांब गाळ्याचे तंत्र देशाला आले पाहिजे, या मतावर अभियंता ठाम राहिले, आणि जेथे पाणी खोल व जहाजांचा मार्ग रुंद असेल तेथे ते वापरले पाहिजे, हे त्यांचे म्हणणे योग्यच आहे. त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, जो गोंदियाच्या दृष्टीने मोलाचा आहे. नदीत उभा केलेला प्रत्येक खांब प्रवाहाला अडवतो. अडलेले पाणी खांबाला वळसा घालताना तळाची वाळू उपसते, आणि पुराच्या ऐन भरात खांबाच्या बुडाशी खोल खड्डा पडतो. पूर ओसरताना तोच खड्डा सैल गाळाने भरून निघतो, त्यामुळे उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला सर्व काही जागच्या जागी दिसते. पायाजवळच्या या धुपीने जगभरात जितके पूल पाडले आहेत, तितके वजनाने क्वचितच पाडले असतील. वैनगंगेसारख्या वाळूच्या तळाच्या नदीत म्हणूनच पाया खोल न्यावा लागतो आणि खांब शक्य तितके कमी ठेवावे लागतात. दहा-दहा मीटरच्या ऐवजी तीस-चाळीस मीटरचे गाळे घेणे ही तेथे चैन नव्हे. लांब गाळ्याचा विचार या अर्थाने समुद्रापुरता मर्यादित राहत नाही, आणि रपट्याच्या जागी नुसता थोडा उंच रपटा बांधून प्रश्न सुटत नाही, हे गुरुजींच्या बाजूच्या लोकांनीही समजून घेण्यासारखे आहे.

गुरुजींचा राखून ठेवलेला प्रश्न शेवटी आला : आपल्याकडे पूल पडतो तेव्हा कोण शिकते? त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा १९२८ चा दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बसगाड्यांसह वाहने वाहून गेली. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला करण्यात आला, आणि या वेगाचे सर्वत्र कौतुक झाले. त्याहून महत्त्वाची घटना मात्र फारशी चर्चिली गेली नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली, ज्यात राष्ट्रीय महामार्गांवरील एक लाखाहून अधिक पूल आणि मोऱ्या यांना स्वतंत्र ओळख क्रमांक देऊन त्यांची जागा, प्रकार आणि प्रकृती यांची नोंद घेण्यात आली. पुलाला आजार होण्याआधी त्याची नाडी पाहण्याची ही पद्धत आहे आणि ती समुद्रावरील सेतूइतकीच अभियांत्रिकीची कामगिरी आहे.

ही प्रणाली राष्ट्रीय महामार्गांसाठी आखलेली आहे, आणि गोंदिया जिल्ह्यातील बहुतेक रपटे व लहान पूल ग्रामीण आणि जिल्हा मार्गांवर आहेत. अभियंता आणि गुरुजी यांचे ज्या एका मागणीवर पूर्ण एकमत झाले ती साधी आहे, आणि प्रत्येक ग्रामसभेला ती ठरावाने करता येते. आठही तालुक्यांतील प्रत्येक रपट्याला व पुलाला क्रमांक द्यावा, त्याच्यावर महापुराची पातळी रंगवावी, प्रत्येक पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्याच्या पायाची पाहणी करावी, आणि त्या पाहणीची तारीख व निष्कर्ष गावाच्या फलकावर लावावेत. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत वाचकांनी हा विषय घालावा.